फॅशन डिझाइनचा छोटा कोर्स : शिलाईचा श्रीगणेशाही झालेला नाही, तरी करावा का? (बेळगाव-खानापूर-निपाणी भाग)

खानापूरची लेक

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.कॉम. झालंय, बेळगावात एका पतसंस्थेत नोकरी करते, रोज बसने ये-जा. कपड्यांचं वेड लहानपणापासून आहे. लग्नाला गेले की नवरीपेक्षा तिच्या ब्लाऊजचा गळा कसा कापला असेल याकडे माझं लक्ष. पण शिलाई मशीनला आजवर हात लावलेला नाही. साडीला फॉल लावता येतो, हूक लावता येतात, तेवढंच.

बेळगावात टिळकवाडीत तीन महिन्यांचा एक कोर्स बघून आले. शनिवार-रविवार वर्ग. स्केचिंग, रंगसंगती, कापडाची ओळख, पॅटर्न, शिलाई आणि शेवटी स्वतः डिझाइन केलेला एक ड्रेस, असं सगळं त्यात आहे. फी माझ्या दीड पगाराएवढी. आई म्हणते, "गल्लीतल्या काकू शिकवतात की! त्यांच्याकडे ब्लाऊज शीक आधी, डिझाइन नंतर बघू."

मला चित्र अजिबात काढता येत नाही. तीन महिन्यांत पाटी कोरी असलेल्या माणसाला खरोखर काय येतं? पुढे खण आणि इरकलमध्ये स्वतःचे कपडे करून विकायची इच्छा आहे, नुसतं शिवून देण्याचं काम नव्हे. कोर्स केलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी, शिवणाऱ्यांनी मनापासून सांगा.

अनगोळकर

सरकारी आयटीआयमध्ये 'फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' हा एक वर्षाचा ट्रेड असतो, दहावीवर. फी खाजगी क्लासच्या मानाने फारच कमी आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. जवळच्या आयटीआयमध्ये तो ट्रेड आहे का, आधी ते विचारा.

खानापूरची लेक

@अनगोळकर, विचारलं होतं दादा. तो दिवसभराचा असतो. नोकरी सोडून नाही जमणार.

वडगावची सून

तू खण-इरकल म्हणालीस म्हणून राहवेना. आमचं घर विणकरांचं. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात अजून घराघरांतून मागाचा खडखडाट ऐकू येतो, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, पण येतो. माझ्या सासऱ्यांचं आयुष्य मागावर गेलं. आज बाजारात डिझायनर म्हणवणाऱ्या कितीतरी मुली येतात, कापड हातात घेतात आणि फक्त रंग बघतात. ताणा (उभे धागे) कुठला, बाणा (आडवे धागे) कुठला, कापड कुठल्या दिशेला ताणलं जातं, याकडे बघतच नाहीत. मग शिवलेला कुर्ता एका धुण्यात पिळवटतो आणि बोल लागतो विणकराला. याचा मला मनापासून त्रास होतो.

म्हणून मी सांगेन, कुठलाही कोर्स कर, पण त्यात कापडाच्या ओळखीला किती तास आहेत ते आधी विचार. काही गोष्टी घरीच करून बघता येतील. कापडाचे दोन-चार धागे उसवून, चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर जाळून बघ. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख पडते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, त्याची काळी गाठ बोटांनी चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो, तो चुरगळत नाही. खण म्हणून बाजारात मिळणारं बरंचसं कापड पॉवरलूमवरचं (यंत्रमागावरचं), पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. ते वाईट असं नाही, पण उन्हाळ्यात अंगात घालणाऱ्या बाईला ते काय आहे हे विकणारीने सांगायला हवं.

खरा खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, इरकल त्याच जिल्ह्यातल्या इळकलची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. इरकलचा पदर आणि अंग यांचे ताणे वेगळे असतात, ते फासे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. जुनी इरकल कापून जॅकेट शिवायचं असेल तर त्या जोडावर टक्स (कापडाची शिवलेली चिमटी) किंवा ताण येणारी शिवण आणू नको. हे कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही, घरातल्या साड्या कापून झाल्यावरचं सांगते. आणि चांगल्या स्थितीतली साडी तर कापूच नको. फाटलेल्या, विरलेल्या साड्या हव्या तेवढ्या मिळतात.

निपाणीचे टेलर मास्तर

बाळ, आई बरोबर सांगते. माझं सगळं आयुष्य कात्रीवर गेलं. आधी जेंट्स, मग लेडीज. माझ्याकडं कोर्स केलेल्या पोरी कामाला येतात. चित्र झकास काढतात. "ह्याची बाही काप" म्हटलं की कात्री हातात थरथरती. बाहीचा गोल आणि मुंढ्याचा (बाही जोडतो त्या जागेचा) गोल जुळत नाही, चुण्या पडतात, मग म्हणतात डिझाइन आहे.

माप घ्यायला शीक आधी. बायका मापाचा ब्लाऊज आणून टाकतात, त्याच्यावरून आम्ही कापतो. पण मापाचा ब्लाऊज घालून घालून ताणलेला असतो, आणि खांदा उतरता आहे का सरळ, पाठीला पोक आहे का, हे तो सांगत नाही. बाईला उभं करून टेप लाव. टेपच्या आत दोन बोटं जायला पाहिजेत. छाती 36 असेल तर चौथा हिस्सा 9, त्याच्यावर सैलपणा, त्याच्यावर आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. माया कंजूषपणानं ठेवली की दोन वर्षांनी तीच बाई ब्लाऊज उसवून मोठा करायला आणती आणि आत काहीच नसतंय. गिऱ्हाईक तिथंच तुटतं.

हे सगळं काकूंच्या हाताखाली येतंय. पैसे देऊन कशाला?

पॅटर्नवाली

मास्तर, नमस्कार. तुमच्या सगळ्या बोलण्याला मान, पण शेवटच्या वाक्यावर माझं वेगळं मत आहे आणि ते अनुभवावरून आहे.

मी संकेश्वरची. आधी आमच्या गल्लीतल्या मावशींकडे ब्लाऊज शिकले, मग छोटा कोर्स केला, आता बेंगळुरूला एका गारमेंट युनिटमध्ये पॅटर्न विभागात आहे. दोन्हीकडे काय मिळालं ते स्पष्ट सांगते. मावशींनी हाताला वळण दिलं. पायमशीनवर शिवण सरळ जाणं, पायपिंग, हूकपट्टी, अस्तर लावणं, हे सगळं त्यांचं. पण त्यांच्याकडे प्रत्येक ब्लाऊजचं एक पाठ केलेलं गणित होतं. गळा बदलला की "असंच कापायचं" हे उत्तर. का, ते त्यांनाही त्यांच्या गुरूने सांगितलं नव्हतं.

कोर्समध्ये ते 'का' कळलं. कापड सपाट आणि अंग गोल, म्हणून जादा कापड कुठेतरी चिमटीत घ्यावं लागतं, तोच टक्स. आता हा टक्स कुठे असावा हे आपल्या हातात असतं. कागदाचा पॅटर्न घ्यायचा, नव्या जागेपासून छातीच्या बिंदूपर्यंत कापायचा, जुना टक्स मिटवायचा, की नवा आपोआप उघडतो. खांद्यात न्या, काखेत न्या, कमरेत न्या. वरचा आणि खालचा टक्स एका शिवणीत मिळवला की झाला प्रिन्सेस कट. कटोरीसुद्धा याच हिशोबातून निघते. हे ज्या दिवशी समजलं त्या दिवसापासून मला कुणाचाही ब्लाऊज बघून त्याचा कागद डोळ्यांपुढे दिसायला लागला. @खानापूरची लेक, तू लग्नात जे बघत बसतेस ना, त्याचं उत्तर इथे आहे. तुला कोर्सची गरज आहे असं मला म्हणूनच वाटतं.

चित्राची भीती काढून टाक. फॅशनच्या चित्रातली बाई खऱ्या बाईसारखी नसतेच. खरी उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी असते, चित्रात ती नऊ-दहा डोक्यांची करतात. बहुतेक ठिकाणी आकृतीचा तयार साचा देतात, त्यावर पातळ कागद ठेवून कपडा काढायचा. शिवणाऱ्याला त्याहून उपयोगी पडतं ते सपाट चित्र : पुढची बाजू, मागची बाजू, शिवणी कुठे, काजं कुठे, चेन कुठे. पट्टीने रेघ मारता येणाऱ्या कुणालाही ते जमतं. कारखान्यात आमच्या टेबलावर येतं ते हेच.

तीन महिन्यांत काय येणार नाही तेही ऐक. वेग येणार नाही, सफाई येणार नाही. लहान-मोठ्या साइझची ग्रेडिंग, ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड टाचून आकार देणं), यांची तोंडओळख होईल, बस. शनिवार-रविवारच्या तीन महिन्यांत मिळून पंचवीसेक वर्ग. तीन महिन्यांनी तू डिझायनर होणार नाहीस, पण पुढे काय शिकायचं हे तुला नेमकं कळलेलं असेल.

क्लासमध्ये गेलीस की हे विचार : एका मशीनवर किती मुली? दोनापेक्षा जास्त असतील तर निघून ये. कापड कोण देणार? पॅटर्न स्वतः आखायचे की तयार छापील देतात? आणि मागच्या बॅचच्या मुलींनी शिवलेले कपडे उलटे करून बघायला माग. सुलटी बाजू कुणीही दाखवतं, आतल्या शिवणी बघ. फी एकदम भरू नको, हप्ते माग.

निपाणीचे टेलर मास्तर

पॅटर्नवाली ताई, टक्सचं सांगितलेलं पटलं. आमच्या वस्तादांनी ते कधी कागदावर दाखवलं नाही, आम्ही कापडावर बघून बघून शिकलो. कागद वाया गेला तर चालतोय, कापड नाही, ह्याला काय उत्तर नाही. तरी माझं म्हणणं एवढंच, की हाताला मशीनची सवय नसलेल्या पोरीनं थेट कोर्सला गेलं तर अर्धा वेळ बॉबिन भरण्यात आणि दोरा तुटण्यात जातोय. तुम्ही स्वतः आधी मावशींकडं शिकला होता, हे विसरू नका.

पॅटर्नवाली

हे मात्र शंभर टक्के खरं, मास्तर. मला कोर्स झेपला तो त्यामुळेच.

टिळकवाडीतली

मी जरा कडू बोलते. माझ्या बहिणीने एका क्लासला पूर्ण फी भरली. दोन महिने नुसत्या वह्या रंगवून घेतल्या, कलर व्हील (रंगांचं चक्र) आणि मूड बोर्ड (कल्पनेची चित्रं चिकटवलेला फलक). मशीनचा वर्ग आला तेव्हा बाई सोडून गेल्या होत्या, पैसे परत नाहीत. प्रमाणपत्र मात्र सोनेरी अक्षरांत मिळालं. म्हणून वरची यादी प्रत्येकीने लिहून घ्या. कागदावर चमकणारी नावं, परदेशी अभ्यासक्रम वगैरे ऐकून भुलू नका.

चंदगडची मीनाक्का

आमच्याकडून बेळगावला शिकायला येणाऱ्या मुली खूप. बसचं सांगते, कारण रोजच्या खर्चात तेच मोठं असतं. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही. तेव्हा @खानापूरची लेक, तुझा जाण्यायेण्याचा प्रश्न मिटला. आम्हा चंदगडकरणींना महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट आहे. निपाणीच्या मुलींनी मात्र दोन्हीकडचा विचार करावा, त्यांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट. पण राज्याबाहेर जाणाऱ्या बसला शक्ती चालत नाही.

हिंडलगा रोड

सरकारी योजनांबद्दल थोडं, कारण अर्धवट माहिती फिरते. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 18 व्यवसायांत शिंपीही आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत. पण ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे आणि घरातल्या एकालाच मिळते. नवशिक्यांसाठी नाही. कुणी पैसे घेऊन नाव घालतो म्हणाला तर फसू नका.

नवशिक्यांसाठी चांगली वाट म्हणजे बँका चालवतात ती ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. त्याची मूळ कल्पना आपल्याच राज्यात, 1982 मध्ये उजिरेला सुरू झालेल्या संस्थेतून आली. महिनाभराचं शिलाईचं प्रशिक्षण, राहणं-जेवण धरून फुकट. महिनाभराची सुट्टी मिळणार असेल तरच. अर्ज आणि वर्ग बहुतेक कन्नडमधून, पण शिवण हातानेच शिकायची असल्याने अडत नाही. माझ्या वहिनीला कन्नड जेमतेम समजायचं, ती शिकून आली आणि येताना कन्नड बोलायलाही लागली.

धारवाडला दिलेली

माझं माहेर बेळगाव, सासर धारवाड. खण-इरकलमध्ये काम करायचं म्हणतेस तर कसुती, म्हणजे आपल्याकडचं धागे मोजून करायचं भरतकाम, शीक, ही माझी कळकळीची विनंती. कुठल्याही छोट्या कोर्समध्ये ती एखाद्या दिवसात उरकतात, आणि ती तर आपल्या दारातली कला!

चारच टाके आहेत. गवंती म्हणजे जाऊन परत येणारा दुहेरी धावदोरा, मुर्गी पायऱ्यापायऱ्यांचा, नेगी विणल्यासारखा दिसणारा साधा धावदोरा, आणि मेंथी फुलीचा. कापडावर आधी काही छापायचं नाही, धागे मोजून काढायचं. गाठ मारायची नाही. गवंती आणि मुर्गी नीट आली तर सुलट्या आणि उलट्या बाजूला सारखंच दिसतं. गोपुरं, तुळशी वृंदावन, हत्ती, मोर, रथ, पाळणा ही जुनी नक्षी. काळ्या चंद्रकळेवर भरलेली कसुती बघितलीस की कळेल मी का एवढी मागे लागते आहे.

आता बाजारात मशीनची कसुती येते, स्वस्त मिळते. पण चांगलं काम ओळखणारी गिऱ्हाईकं पुण्या-मुंबईत आहेत, गोव्यात आहेत, आणि हाताच्या कामाला ती पैसे देतात. बाईच्या महिनाभराच्या कामाला दोन-तीनशे रुपये हातावर टेकवणारे दुकानदारही आहेत. तू उद्या विकणारी झालीस तर भरणारीला तिच्या तासांचे पैसे दे.

वडगावची सून

@धारवाडला दिलेली, शेवटच्या वाक्याला हात जोडते. विणणाऱ्यालाही हेच लागू आहे.

खानापूरची लेक

एवढं सगळं लिहिलंत, खूप बळ आलं. वरची यादी घेऊन तीन ठिकाणी जाऊन आले.

टिळकवाडीतल्या त्या क्लासमध्ये दोघींना एक मशीन. मागच्या बॅचचे कपडे मागितले तर बाईंनी स्वतःहून उलटे करून दाखवले. आतल्या कडा ओव्हरलॉक केलेल्या (धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्याने गुंफलेल्या), माया ठेवलेली. पॅटर्न स्वतः आखायचे, आणि पहिला कपडा मांजरपाटात शिवून अंगावर घालून बघायचा, मगच चांगलं कापड कापायचं. फी तीन हप्त्यांत चालेल म्हणाल्या. बाई मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत बोलतात. दुसऱ्या ठिकाणी भिंतीभर फोटो आणि कोपऱ्यात मोजून चार मशीन. तिसऱ्या ठिकाणी फी कमी होती, पण तयार छापील पॅटर्न देतात.

पहिलाच क्लास ठरवला, पण लगेच नाही. मास्तरांचं ऐकून आधी गल्लीतल्या काकूंकडे संध्याकाळी जाणार. कोर्सची पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, तोवर हाताला मशीनची सवय होईल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?" काकूंनी फी विचारल्यावर "लग्नसराईत काजं-बटणं करायला ये, तीच फी" म्हणाल्या.

आता विचारायचं ते असं : मशीन घ्यावं का लगेच? आणि घ्यायचं तर कुठलं?

निपाणीचे टेलर मास्तर

शाब्बास. मशीन आत्ता नको. काकूंच्या मशीनवर दोन महिने काढ. नंतर घेतलीस तर साधं काळं पायमशीन घे, जुनं चांगलं मिळत असेल तर जुनंच. लाइट गेली तरी चालतंय, आणि वेग तुझ्या पायात राहतोय. मोटर नंतर बसवता येते. कारखान्यात असतंय ते जुकी मशीन मिनिटाला हजारो टाके मारतंय, नवीन माणसाच्या बोटाला ते बरं नाही.

पहिले काही दिवस दोरा ओवूच नको. शाळेची रेघांची वही घे आणि नुसत्या सुईनं रेघांवरून कागद शिव. सरळ जमलं की चौकोन, कोपऱ्यात सुई खाली ठेवून कागद फिरवायचा. मग गोल. गोल जमला की गळा जमला. कापडाला जी कात्री वापरशील तिनं हा कागद कापू नको, धार जाती. सुई 14 नंबरची साध्या सुती कापडाला, पातळ रेशमाला 11.

आणि नवीन सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. आटायचं ते आधीच आटू दे.

पॅटर्नवाली

मास्तरांच्या यादीत माझी भर : पहिला कपडा स्वतःच्या मापाचा कर, आईचा नको, मैत्रिणीचा नको. कुठे ओढतोय, कुठे चुणी पडते हे स्वतःच्या अंगावर लगेच कळतं. प्रत्येक पॅटर्नवर तारीख, माप आणि उभ्या धाग्याचा बाण काढून ठेव. आणि खणाचा ब्लाऊज हा तिसरा-चौथा कर, पहिला नको. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान, काठ दोन्ही बाजूंना, बुट्टे सरळ रांगेत. पुढच्या दोन भागांचे बुट्टे समोरासमोर आले नाहीत तर लांबूनही दिसतं. आधी कागदाचे सगळे भाग कापडावर मांडून बघायचे, काठ बाहीला पुरतो का ते बघायचं, मग कात्री. कडा फार सुटतात, कापल्या कापल्या ओव्हरलॉक.

वडगावची सून

@खानापूरची लेक, आमच्याकडे मागावरचे उरलेले तुकडे असतात, हातभर, दोन हात. सरावाला ने. एखाद्या रविवारी वडगावात ये, माग चालू असतो तेव्हा ये म्हणजे ताणा-बाणा डोळ्यांनी दिसेल. येण्याआधी निरोप टाक.

खानापूरची लेक

नक्की येते वहिनी! काकूंकडे सोमवारपासून जाते आहे. रेघांची वही आणि 14 नंबरच्या सुया आणल्या.

हुक्केरीहून

सगळा धागा वाचला. मी चाळिशीची आहे, मुलं मोठी झाली, मलाही शिकायचं आहे. आमच्याकडे असा क्लास नाही. या वयात चालेल का?

धारवाडला दिलेली

@हुक्केरीहून, न चालायला काय झालं! कसुतीला तर क्लासही नको, मोठ्या विणीचं सुती कापड, भरतकामाचा दोरा आणि सुई घेऊन बसा. मी पहिल्या चार टाक्यांचे फोटो उद्या इथेच टाकते.

निपाणीचे टेलर मास्तर

हुक्केरीच्या ताई, संकेश्वरला आठवडी बाजाराला येता का? तिथं माझ्या ओळखीच्या एक बाई शिकवतात, दुपारच्या वेळेला, घरकाम आटपल्यावर. विचारून सांगतो.